बारा पावलांची दुर्बीण

हट्टा गावच्या द्वारकामावशींचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. कारण सांगता सांगता मी फाटे फोडतो आणि मुख्य माणूस बाजूला राहतो, अशी माझी खोड आहे. हिंगोलीकडच्या जवळा बाजार गावच्या दुकानात आज मी काउंटरच्या आतल्या बाजूला उभा आहे तो त्यांच्यामुळं. त्या दिवशी भरल्या दुकानात त्यांनी तोंड उघडलं नसतं, तर मी केव्हाच आजऱ्याला परत जाऊन काजूच्या बिया फोडत बसलो असतो.

संपादकांनी “तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा” असं सांगितलं तेव्हा पहिल्यांदा घाम फुटला. माझं शिक्षण सातवी, आणि तीही परीक्षेला न बसता. रात्रभर विचार केला की नाही म्हणावं. मग वाटलं, नाही म्हणायला तरी फोन करावा लागेल, त्यापेक्षा लिहिलेलं बरं. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी बघून घ्यावं. त्यांचे उपकार मावशींच्या खालोखाल मानीन.

आमच्या दुकानात फवारणीचे पंप, बॅटऱ्या, कुंपणाच्या झटका मशीन, ताडपत्री आणि छऱ्याच्या बंदुका मिळतात. पंप आणि ताडपत्री कुणीही विकू शकतो. छऱ्याच्या बंदुका आणि त्यांच्यावरच्या दुर्बिणी हे खातं माझं. मालक बालाजीशेठ आल्या-गेल्याला सांगतात, “दुर्बिणीचं पहिलवानाला विचारा.” पहिलवान म्हणजे मी. मी कोल्हापूरकडचा, एवढंच कारण. माझं वजन छऱ्याच्या पेटीइतकं असेल. पहिल्या दिवशी शेठनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “कोल्हापूरचा व्हय? मंग पहिलवानच म्हणायचं.” तेव्हापासून अख्खा बाजार हसून घेतो.

मी इथं कसा आलो तेही थोडक्यात सांगतो. शाळा सुटल्यावर मी जत्रेतल्या फुगे फोडायच्या गाड्यावर काम करत होतो. गावोगाव फिरत गाडा औंढ्याच्या शिवरात्रीच्या यात्रेला आला. तिथं आमच्या गाडेवाल्याला एकाएकी धंद्याचा वीट आला. त्यानं चारही बंदुका बालाजीशेठना विकल्या आणि तो गावाकडं निघून गेला. त्या बंदुका फक्त मलाच दुरुस्त करता येत होत्या, म्हणून बंदुकांबरोबर मीही दुकानात आलो. शेठ अजून म्हणतात, “चार बंदुकांवर एक पहिलवान.”

त्या गाड्यावरच्या बंदुकांबद्दल एक कबुली देऊन टाकतो. त्यांच्या नळीवरची पुढची माशी, म्हणजे नेम धरायचं टोक, आम्ही पकडीनं जराशी वाकवलेली असायची. मोजून वाकवायचो. माणूस फुग्यावर नेम धरायचा आणि छरा दोन बोटं डावीकडं जायचा. बायकोसमोर चुकला की तो आणखी दहा छरे मागायचा. म्हणजे नेम म्हणजे काय हे मी शिकलो ते नेम चुकवता चुकवता. त्याचं आता वाईट वाटतं. पण वाकडं किती आहे हे ज्याला कळतं त्याला सरळही करता येतं, अशी मी मनाची समजूत घालतो.

आता बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून थोडं सांगतो. छऱ्याची बंदूक म्हणजे बारीक नळीची, कमी ताकदीची बंदूक. दारू नाही, स्फोट नाही. आत एक जाड स्प्रिंग असते, नळी खाली मोडून ती ताणायची, सुटली की हवा दाबते आणि हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा लहान शिशाचा छरा बाहेर पडतो. गोदामातले उंदीर आणि घुशी, एवढीच तिची लढाई. पाखरं मारायची नाहीत, माकडं मारायची नाहीत. हे मी बंदूक हातात देण्याआधी बोलतो, आणि गिऱ्हाईक मान डोलावताना माझ्या डोळ्यांकडं बघतं की बंदुकीकडं, तेही पाहतो.

तरी दर महिन्याला एकजण येतोच.

“ह्यानं रानडुक्कर पडंल का?”

“दादा, ह्यानं डुकराला राग येतो. बाकी काही होत नाही.”

“दुर्बीण लावली तं?”

“मग डुकराला आलेला राग मोठा दिसतो.”

दुकानात हशा होतो, माणूस चहा घेतो आणि मी त्याला झटका मशीन दाखवतो. नुकसानीचा अर्ज फॉरेस्टच्या ऑफिसात कसा द्यायचा तेही सांगतो. अर्ज मला लिहिता येत नाही, पण कोणत्या खिडकीत द्यायचा ते माहीत आहे.

दुर्बीण निवडायला आलेला माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो, “मोठ्यात मोठी कोणती?” ट्रॅक्टर घेताना जसं किती एचपी विचारतात तसंच. किती पट मोठं दिसतं, हीच त्याची हौस. मी उलट विचारतो, “किती पावलांवरून मारणार?” याचं उत्तर कुणाजवळ नसतं. एकजण म्हणाला, “ते घुशीवर हाय.”

दुसरी गंमत डोळ्याची. माणसाला वाटतं दोन डोळे सारखे. तसं नसतं, दोघांतला एक मालक असतो. मी गिऱ्हाइकाला हात लांब करून अंगठा समोरच्या बस थांब्याच्या पाटीवर धरायला लावतो, दोन्ही डोळे उघडे ठेवून. मग एकेक डोळा मिटायला सांगतो. ज्या डोळ्यानं अंगठा जागेवर राहतो तो मालक. ज्यानं अंगठा उडी मारतो तो नोकर. एकदा बाजाराच्या दिवशी हे सुरू झालं आणि दुकानापुढं वीसेक माणसं अंगठे पुढं करून उभी राहिली. एसटीच्या ड्रायव्हरला वाटलं सगळे हात दाखवून राहिले. त्यानं गाडी थांबवली. मग त्याचाही डोळा तपासला. डावा निघाला.

औंढ्याच्या वाटेवर एक तांडा आहे, तिथले नाईककाका माझे जुने गिऱ्हाईक. कापसाच्या कोठीत उंदीर झाले म्हणून त्यांना बंदूक आणि दुर्बीण दिली होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर आले, गाडी स्टँडला लावायच्या आधीच बोलले.

“पहिलवान, फसवलं तुमी. सगळं लाल दिसून राहिलं.”

मी दुर्बीण हातात घेतली. खंडेनवमीला काकूंनी शस्त्रपूजा केलेली. ओलं हळदीकुंकू अगदी पुढच्या काचेवर, मधोमध, आणि वर दोन अक्षता चिकटलेल्या.

“काका, काचेवर कुंकू लावलंय.”

“मंग कुठं लावायचं? कपाळावरच लावतेत ना?”

त्यांचं बराबर होतं. समोरून पाहिलं तर तेच दुर्बिणीचं कपाळ. बरं, पुसायचं म्हणून त्यांनी चुलीतल्या राखेनं घासलंही होतं, भांडं घासतात तसं. काचेवर ओरखडे आले ते कायमचे. तेव्हापासून दसऱ्याच्या आधी दुर्बीण नेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो: कुंकू नळीच्या पाठीवर लावा, नारळ लांब फोडा.

तर असं लोकांना हसता हसता मी स्वतः काय केलं ते सांगायची वेळ आली.

तेव्हा दुकानात येऊन मला दोन वर्षं झाली असतील. माळ्यावर झोपत होतो. शेठ कधी रागावतील आणि कधी जा म्हणतील याची धास्ती कायम असायची. बॅग मी कधी पूर्ण रिकामीच केली नव्हती. शेठ वाईट माणूस नव्हते, नाहीत. पण वरच्या फळीवर एक दुर्बीण होती, सहापासून चोवीस पट दाखवणारी, हातभर लांब. शहरातल्या कुणा व्यापाऱ्यानं ती त्यांच्या गळ्यात मारलेली. दोन दिवाळ्या ती तिथंच होती. शेठ रोज सकाळी तिला फडकं मारायचे, उदबत्ती ओवाळायचे आणि माझ्याकडं बघायचे.

होळी होऊन गेली होती. द्वारकामावशी दुकानात आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, जाड चष्मा, आवाज खणखणीत. हट्ट्याच्या अकरा बायकांचा त्यांचा गट. त्या सोयाबीनचं बियाणं घरचं राखतात, निवडतात आणि पेरणीच्या वेळी गावाला देतात. सगळं बियाणं एका पत्र्याच्या शेडमध्ये, मावशींच्या भरवशावर.

“बापू, ती बंदूक दाखव. अन् तिच्यावर दुर्बीण बसवतेत, तीबी.”

“कशासाठी मावशी?”

“घुशी रे. बियाण्याचे पोते खालून फाडून राहिल्या. औषध ठिवलं तं थप्पीखाली मरून वास सुटला. पिंजरा लावला तं आमचीच मांजर जाऊन बसली, बाहेर यायला तयार न्हाई. जून लागोस्तोवर बी राह्यलं पाह्यजे. अकरा घरची पेरणी हाय.”

गादीवरून शेठचा आवाज आला, “पहिलवान, ती वरच्या फळीवरची काढ.”

मला माहीत होतं. हेच लिहायला मला चार दिवस लागले. मला पक्कं माहीत होतं की ती दुर्बीण चालणार नाही. एक तर ती लांबच्या नेमासाठी जुळवलेली. जवळचं पाहिलं की सगळं धुरकट. दुसरं, जितकं मोठं दाखवते तितका आतला उजेड कमी होतो. आणि तिसरं सगळ्यात वाईट. बाकीच्या बंदुका धक्का देतात तो एकदाच, मागं. आमची स्प्रिंगची बंदूक दोनदा देते. आधी मागं, मग स्प्रिंग जाऊन आपटली की पुढं. तो पुढचा धक्का सोसायची सवय साध्या दुर्बिणीला नसते. आतल्या काचा आणि रेघा हलतात. दिसायला बंदूक खेळण्यासारखी, पण दुर्बिणीची हाडं मोडते.

हे सगळं माहीत असून मी स्टूल लावलं आणि ती काढली.

मावशींनी विचारलंसुद्धा, “जवळचं दिसतं ना रे नीट?”

मी म्हणालो, “मावशी, हिच्यातून चंद्रावरचं दिसतं. जवळचं काय घेऊन बसलात!”

शेठ हसले. त्या दिवशी त्यांनी मला जेवताना स्वतः वाढलं. मी ते खाल्लं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दुकान गच्च भरलेलं असताना मावशी आल्या. बंदूक जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, लेकरासारखी काखेत. काउंटरवर ठेवली, लुगडं सोडलं.

“चंद्र दिसला रे बाबा,” त्या म्हणाल्या. “घूस तेवढी दिसंना.”

लोक हसले. मीही हसलो, कारण काय करावं ते सुचेना. दुर्बीण डोळ्याला लावली तर आतली नेमाची फुली वाकडी होऊन एका कडेला पडलेली. हलवली तर खुळखुळ वाजली. त्या आठ दिवसांत घुशींनी आणखी पोती फाडली होती, आणि मावशी रोज संध्याकाळी धुक्यात नेम धरत बसल्या होत्या.

शेठ गादीवरून उठले. त्यांचा आवाज चढला की ते माझं नाव घेत नाहीत.

“कोणी दिली ही? पाहून देता येत न्हाई? गिऱ्हाइकाला तकलीफ, दुकानाचं नाव खराब. बॅग भर तुझी. उद्याच्या गाडीनं जायचं गावाला.”

मला “तुम्हीच काढायला लावली” असं म्हणता आलं असतं. आलं नाही. माळ्याकडं जायला वळलो. सातवी नापास म्हणावं तर तेवढाही कागद जवळ नाही. गावात जाऊन काय सांगणार, एवढंच डोक्यात.

“शेटजी,” मावशी म्हणाल्या, “ह्याला हाकलायचं ते मागून हाकला. आधी चार दिवस माह्याकडं द्या.”

“हा काय करणार तुमच्याकडं?”

“ह्यानं बिघडवलं, ह्योच नीट करंल. नवीन माणूस आणून त्याला पुन्हा पहिल्यापासून कोण शिकवंल?”

भरल्या दुकानात कुणी शेठना असं हिशेबशीर बोललं नव्हतं. “घिऊन जा,” म्हणाले.

हट्ट्याला जाताना जीपमध्ये मी बॅग मांडीवर घेऊन बसलो होतो. शेडपाशी पोचल्यावर मावशींनी दार उघडलं, पालथं घमेलं दाखवलं आणि म्हणाल्या, “बस. म्या बसते तिथंच बस. अन् काय दिसतं सांग.”

दिवेलागण व्हायची होती. पत्र्याचं शेड, एकच जाळी, तिच्यातून मळकट उजेड. समोर पोत्यांची थप्पी, थप्पीच्या बुडाशी बीळ. मी उठून पावलं मोजली. बारा. बारा पावलांसाठी मी चंद्राची दुर्बीण दिली होती.

मग मावशींना बंदूक धरून दाखवायला सांगितलं. त्यांनी उजव्या खांद्याला लावली आणि मान बगळ्यासारखी वाकडी करून डावा डोळा काचेशी नेला. चष्मा दुर्बिणीवर आपटून टिंग वाजला. मालक डोळा डावा, आणि बंदूक उजव्या खांद्याला! दुकानात वीस माणसांचे अंगठे तपासणाऱ्यानं ज्यांना पहिल्यांदा तपासायचं त्यांनाच तपासलं नव्हतं.

तेव्हा मला राहवलं नाही. म्हणालो, “मावशी, मला माहीत होतं. ती चालणार नाही हे देतानाच माहीत होतं की.”

आमच्याकडं वाक्याच्या शेवटी ‘की’ येतो. त्याच्यावरून हट्ट्यात मला नंतर खूप चिडवलं. पण त्या वेळी मावशी हसल्या नाहीत. त्यांनी कोपऱ्यातला ओल्या गोणपाटाचा गुंडाळा आणला आणि माझ्यापुढं उलगडला. आत ओळीनं सोयाबीनचे दाणे मांडलेले, पांढरे कोंब फुटलेले. पेरण्याआधी बी तपासायची ही त्यांची रीत. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि काही दिवसांनी कोंब मोजायचे.

“मोज. किती उगवले न्हाईत?”

मी मोजले. “एकवीस.”

“एकवीस मेले म्हणून म्या पोतं फेकून देऊ का? सत्तराच्या वर उगवले तं आमी ते बी पेरतो. तू एकदा नासका निघाला. अजून नव्याण्णव पाह्यचे हायेत.” मग गोणपाट गुंडाळत म्हणाल्या, “पण खोटं काहून बोलला? शेटजीला भ्याला का?”

“व्हय.”

“मंग मलाबी भेत जा थोडं.”

रात्री त्यांच्या सुनेनं ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढला. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं. मी ठेच्यानंच आलं असं सांगितलं, आणि त्या घरानं ते मानून घेतलं.

सकाळी मी जवळ्याला परत आलो आणि शेठना तीन गोष्टी सांगितल्या: बारा पावलं, कमी उजेड, चष्म्याचा डावा डोळा. दुकानात एक बुटकी दुर्बीण होती, चार पट दाखवणारी, छऱ्याच्या बंदुकीचा दुहेरी धक्का सोसायला बनवलेली, जवळच्या नेमाला जुळवलेली. दिसायला खेळणं. ती आम्ही दाखवलेलीही कुणाला आवडत नसे. शेठ म्हणाले, “ही? ही तं पोरंबी घेत न्हाईत.” पण दिली. मोडकी मोठी परत घेतली, आणि घेताना दोन्ही हातांवर अशी धरली, की मला एक मिनिट वाटलं घरात कुणीतरी गेलंय.

पुढचे दोन दिवस आम्ही हट्ट्यात बसवाबसवी केली. दुर्बीण बसवायची ती नुसती स्क्रू आवळून नाही. मागं एक खीळ अडकवावी लागते, नाही तर धक्क्यानं ती इंचाइंचानं सरकत माणसाच्या कपाळाला भेटायला येते. चष्मा आपटू नये म्हणून पुढं सारली. मावशींना डाव्या खांद्याला बंदूक धरायला लावली. “आयुष्यभर उजव्या हातानं भाकरी केली, आता हे काय,” म्हणत त्या शिकल्या. बिळामागं वाळूची पोती रचली, की छरा पुढं कुठं जाऊ नये. नेम जुळवायला कागद पाहिजे होता. लग्नसराई होती, पत्रिका ढिगानं. मी एक टांगली तर बायका ओरडल्या, “गणपतीवर मारतो का रे!” मग मागची बाजू पुढं केली. तर तिथं आहेर आणू नये असं छापलेलं. त्या ओळीवर मात्र सगळ्यांनी आनंदानं नेम धरला.

तरी एक चूक झालीच. दुर्बीण नळीच्या वर बसते, म्हणून छरा अगदी जवळच्या जागी नेमाच्या खाली लागतो. हे मी सांगायला विसरलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घूस बिळातून निघून थेट मावशींच्या पुढ्यात, चार पावलांवर आली. मावशींनी फुली तिच्यावर धरली आणि खाली पडलेल्या पोत्याला भोक पाडलं. सोयाबीनची धार सुरू झाली. घूस क्षणभर थांबून ते खायला लागली.

“ही मला हसून राहिली,” मावशी म्हणाल्या.

“मावशी, जवळ आली की फुली थोडी वर धरा.”

त्यांनी बंदूक मोडली, छरा भरला, श्वास धरला. घूस त्यानंतर हसली नाही.

चौथ्या संध्याकाळपर्यंत पाच झाल्या. मी परतलो, पण बॅग उघडली नाही. मे महिन्याच्या शेवटी दुकानात फोन आला. शेठनी मोठ्यानं ऐकू येईल असा लावला. मावशींचा आवाज बाहेरच्या ताडपत्रीपर्यंत गेला. “शेटजी, थप्पी शाबूत हाय. नव्या तपासणीत शंभरातले ब्याऐंशी उगवले. अकराही घरची पेरणी व्हईल. त्या कोल्हापूरवाल्याचं काय केलं?”

शेठनी फोन ठेवला, चष्मा काढून पुसला. “पहिलवान, बॅग रिकामी कर. माळ्यावर तिच्यात उंदीर होतील.”

एवढंच. त्यांनी चूक माझीच होती असं पुन्हा कधी म्हटलं नाही, आणि आपली होती असंही नाही. पण वरच्या फळीवरचं मला काढायला लावणं बंद झालं. आता पावलं विचारल्याशिवाय मी दुर्बीण दाखवत नाही. गिऱ्हाईक कुरकुरलं, तर शेठच सांगतात, “मोजून या. आमचा पहिलवान ऐकत न्हाई.”

यंदाचं सांगून थांबतो. गौरी गणपती होऊन गेल्यावर मावशी दुकानात आल्या. तीच बंदूक, लुगडं वेगळं.

“लेकरा, तुझी दुर्बीण म्हातारी झाली. आत धुकं येऊन राहिलं. दुसरी दे.”

मी काच पुसली, आत पाहिलं. बस थांब्याची पाटी स्वच्छ, फुली सरळ, स्क्रू घट्ट. मावशींच्या हातात दिली आणि उजव्या डोळ्यानं बघायला सांगितलं. “हां, दिसतं की,” म्हणाल्या, माझी नक्कल करत. मग डाव्या, त्यांच्या मालक डोळ्यानं. बराच वेळ बघत राहिल्या. मग चष्म्याची काच पदरानं पुसून पुन्हा बघितलं.

फळीवर नव्या दुर्बिणी होत्या. गादीवर शेठ होते. एकदा वाटलं, आज एक देऊन टाकावी. निदान आजचा दिवस त्यांना काही कळणार नाही, खुशीनं घरी जातील. हातही वर गेला होता. तो खाली घेतला.

“मावशी, दुर्बीण चांगली आहे. डोळा दाखवायला पाहिजे.”

“काहून? डोळ्याला काय झालं?”

“मला कळत नाही. मोतीबिंदू असेल. डॉक्टर सांगतील.”

“कापतेत?”

“आता तासाभरात घरी पाठवतात म्हणे.”

मावशींनी बंदूक गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग माझ्याकडं वाकून हळूच म्हणाल्या, “म्या घुशीला भेत न्हाई, तुह्या शेटजीला भेत न्हाई. पण डॉक्टरला भेते. हट्ट्यात सांगू नको.”

सांगणार नाही म्हणालो होतो. हे लिहायच्या आधी विचारलं, तर म्हणाल्या, “लिही. आमच्या गावात कोण वाचतं? अन् वाचलं तं सोबत यायला चार बाया जास्त भेटतील.”

सोयाबीन घरात आलं की हिंगोलीला तारीख घ्यायची ठरलं आहे. मी सोबत जाणार. शेठनी न मागता सुट्टी दिली, आणि पट्टी सुटल्यावर दुर्बीण नव्या डोळ्याला जुळवून द्यायलाही दोन दिवस दिले. मावशी म्हणतात, “एवढं केलं तं फिटलं रे सगळं.”

नाही फिटलं, मावशी. दवाखान्यात सोबत बसायला शेजारीही येतात. भरल्या बाजारात एका परक्या, खोटं बोललेल्या माणसाला तुम्ही मागून घेतलंत. त्याच्यापुढं हे काहीच नाही. कशानं फेडीन ते मला आज सांगता येत नाही, आणि ऐपतही नाही. पण फेडीन. उशीर होईल, एवढं सांभाळून घ्या.